केडगावचे मुक्ती मिशन : पाहून आल्यावर

केडगाव दोन आहेत. एक नगर शहराला लागून, आणि दुसरे पुणे-दौंड लोहमार्गावरचे, दौंड तालुक्यातले. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन या दुसऱ्या केडगावात आहे. नारायण महाराजांच्या बेटामुळे हे गाव अनेकांना ठाऊक असते, पण त्याच गावात सव्वाशे वर्षांहून जुनी एक ख्रिस्ती बालिकाश्रमाची आणि शाळेची संस्था आहे, हे पुण्यात राहणाऱ्यांनाही पुष्कळदा सांगावे लागते. परवानगी आधी फोनवरून घ्यावी आणि पुण्याहून सकाळची गाडी धरावी. उन्हाळ्यात जाऊ नये, हा माझा अनुभवाचा सल्ला.

आत गेल्यावर प्रथम नजरेत भरते ते दगडी चर्च. आजूबाजूच्या बैठ्या इमारतींच्या मानाने ते इतके मोठे आहे की एवढ्याशा गावात ते कशासाठी बांधले असेल, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर संस्थेच्या वाढीत आहे, आणि ती वाढ कोणी आखून केलेली नव्हती. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले तेव्हा ती उच्चवर्णीय विधवांसाठीची छोटी शाळा होती. तिची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. याच गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. पुढच्याच वर्षी सदन पुण्यास हलले. खर्च भागत होता तो अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनच्या मदतीवर, आणि त्या मदतीची मुदत दहा वर्षांचीच होती. सदनाला स्वतःचे उत्पन्न हवे म्हणून केडगावला जमीन घेतली गेली, ती फळबागेसाठी. जिथे पुढे हजारावर माणसे राहिली, तिथे मुळात झाडे लावायची होती!

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आईवडील १८७४ साली दुष्काळातच उपासमारीने गेले होते, त्यामुळे मध्य प्रांतातल्या बातम्या वाचून त्या स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि अनाथ, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने इतक्या मुली शहरात ठेवता येईनात, तेव्हा त्यांना केडगावच्या मोकळ्या जमिनीवर आणले गेले. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि १९०० च्या सुमारास वस्ती दीड हजारांच्या घरात पोचली. चर्चच्या आकाराचा उलगडा इथे होतो.

मला या संस्थेत सर्वांत मोलाचे वाटले ते हे की, आलेल्या माणसाकडे पाहून व्यवस्था उभी राहिली. फसवल्या गेलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले, वृद्धांसाठी प्रीती सदन, अंध मुलींसाठी बार्तिमी सदन. शेती, गोठा, माग, तेलाचा घाणा ही कामे मुली शिकल्या, आणि छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवण्याचे कामही त्यांनीच केले. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुलींच्या हातून अशा ग्रंथाचे खिळे जुळवून घेणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने जुन्या छापखान्यात जुळाऱ्यांना काम करताना पाहिले आहे त्यालाच नीट येईल.

आता वादाची बाजू. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, अशी ग्वाही सुरुवातीला होती. काही मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. माझ्या मते त्या टीकेत आकस होता, तरी पालकांची तक्रार निराधार नव्हती. तटस्थतेचे वचन आणि खुली प्रार्थना यांचा मेळ बसणे अवघडच होते. त्या मानाने केडगावची मुक्ती अधिक सरळ वाटते, कारण तिने आपण ख्रिस्ती संस्था आहोत हे पहिल्यापासून लपवले नाही.

संस्थेची खरी कसोटी नंतर लागली. शाळेची धुरा वाहणारी कन्या मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली. नऊ महिन्यांत दोन्ही खांब पडूनही छप्पर उभे राहिले. एका माणसाभोवती वाढलेल्या संस्थांच्या बाबतीत आपल्याकडे असे क्वचितच घडते.

आज बालगृहाची संकल्पनाच बदलली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मूल बालकल्याण समितीमार्फत येते, आणि शक्य असेल तर त्याने कुटुंबातच राहावे यावर भर असतो; त्यामुळे संख्या वाढणे हे आता कोणत्याही संस्थेचे यश मानता येत नाही. मुलींचे फोटो काढू नका, असे मला आत शिरतानाच सांगण्यात आले. हे मुद्दाम लिहितो, कारण काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका आश्रमात, ज्याचे नाव घेत नाही, देणगीदार आले म्हणून मुलांना भर दुपारी रांगेत उभे करून गाणे म्हणायला लावले होते, आणि एका लहान मुलाला तर बिस्किटाचा पुडा हातात धरून फोटोसाठी तीनदा हसायला सांगितले होते. मीही त्या पाहुण्यांतच होतो, आणि गप्प बसलो.

केडगावला जाणाऱ्यांनी घरातल्या जुन्या कपड्यांची गाठोडी बांधून नेऊ नयेत. काय हवे ते आधी विचारावे, आणि नुसते पाहायला जायचे असले तरी रमाबाईंच्या समाधीपाशी व चर्चमध्ये मिळून किमान दोन तास हाताशी ठेवावेत. परतीच्या गाडीची वेळ मात्र स्टेशनवर उतरल्याबरोबर विचारून घ्यावी. मी विचारली नाही आणि फलाटावर बराच वेळ बसून राहिलो.