हर्डी-गर्डी, नऊ महिन्यांनंतर: किट, कुत्रा आणि आईचा देवकापूस

ऑक्टोबरमध्ये हर्डी-गर्डीचं किट घेतलं तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय, आता जुलै संपत आला, नऊ महिने झाले, म्हणजे बरंवाईट बोलायचा हक्क मिळाला असं समजते. आधी एक खुलासा, कारण "म्हणजे ती हँडल फिरवायची पेटी का?" हा प्रश्न मला दर पंधरा दिवसांनी येतोच. हँडल फिरवलं की आपोआप गाणं वाजतं ती पेटी वेगळी, तो बॅरल ऑर्गन. हर्डी-गर्डी हे तारवाद्य आहे. आत लाकडी चाक असतं, त्याच्या कडेला राळ लावलेली असते, उजव्या हाताने हँडल फिरवलं की चाक तारांना घासतं, म्हणजे सारंगीचा गज समजा पण परत फिरायची गरज नसलेला. डाव्या हाताने पट्ट्या दाबायच्या, पट्टीवरचं इवलंसं लाकडी दात तारेला टेकतं आणि सूर बदलतो. बाकीच्या तारा एकाच सुरात घुमत राहतात, आपल्या तंबोऱ्यासारख्या. माझ्या भावाने नाव ऐकल्यावर पहिलं विचारलं, हुरडा पार्टीचं काही आहे का.

आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो, तिसऱ्या मजल्यावर, भिंती पातळ. हाताने बनवलेल्या चांगल्या वाद्याला हजारो युरो पडतात आणि नामवंत कारागिराकडे नंबर लावून थांबावं लागतं, म्हणून मी लेझरने कापलेल्या प्लायवूडचं किट घेतलं. कोणाचं ते सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. तीन वीकेंड गोंद आणि क्लॅम्पमध्ये गेले, नवऱ्याने डायनिंग टेबल सोडून दिलं, आणि शेवटी वाद्य उभं राहिलं तेव्हा खरंच छान वाटलं. मग हँडल फिरवलं. घर्रर्र-गप्प-घर्रर्र-गप्प. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अगं रसवंती चालू केलीस काय? घुंगरू तेवढं बांध."

चाक पूर्ण गोल नव्हतं, बस. अगदी किंचित, डोळ्याला दिसतसुद्धा नव्हतं, पण तारेला कळत होतं. पेन्सिल चाकाच्या अगदी जवळ स्थिर धरायची आणि चाक हळू फिरवायचं, जिथे उंचवटा आहे तिथेच रेघ उमटते, मग तेवढाच भाग बारीक पॉलिश पेपरने घासायचा, परत पेन्सिल, परत घासणी. दोन संध्याकाळी गेल्या. विकणाऱ्याला मेल केला तर उत्तर आलं की लाकूड आहे, हवेने हलतं. ते खरंही असेल, पण डब्यातून काढल्या काढल्या हललेलं होतं त्याचं काय. एवढं सोडलं तर प्लायवूडला मी नावं ठेवणार नाही. डच हिवाळ्यात हीटर चालू-बंद चालू-बंद होऊनही वरच्या फळीला कुठे चीर नाही. पावसाळी हवेत पट्ट्या अडकतात तेवढं आहे, कारण या पट्ट्यांना स्प्रिंग नसते, वाद्य थोडं पुढे कलतं धरायचं आणि दाबलेली पट्टी आपल्या वजनाने खाली पडते. अडकली की पट्टीच्या दांड्याला मऊ पेन्सिल घासायची. माझ्या वाद्यपेटीत पेन्सिलीच जास्त आहेत.

आता कापूस. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर. चाकाला जिथे तार घासते तिथे तारेवर कापसाचा पातळ थर गुंडाळावा लागतो, नाहीतर पत्र्यावर नख ओढल्यासारखा आवाज येतो. जास्त झाला की आवाज रजईतून आल्यासारखा, कमी झाला की किंचाळी. आणि प्रत्येक तारेला वेगवेगळा, जाड तारेला जास्त, सुरांच्या तारांना अगदी धुक्याइतका. मी पहिले दोन महिने मेकअपचे कापूस-पॅड फाडून वापरले. अर्ध्या तासात गोळा व्हायचा, मग काढा, परत लावा. युट्यूबवर सगळे सांगतात लांब धाग्याचा कापूस घ्या, इथे तो मिळायचा कुठे हे कोणी सांगत नाही. डिसेंबरमध्ये आईला सहज म्हणलं, तर तिने सांगलीहून येणाऱ्या एका ताईंबरोबर परसातल्या झाडाचा देवकापूस पाठवला, सरकीसकट, देवाच्या वातींसाठी ठेवलेला त्यातला. अहो काय फरक! बोटांनी ओढला की तुटत नाही, नुसता लांबत जातो. वात वळताना आपण पीळ देतो, इथे उलटं, पीळ बिलकुल द्यायचा नाही, कोळ्याच्या जाळ्यासारखा विरळ पापुद्रा तारेवर टेकवायचा आणि चाक हळूच फिरवायचं, चाकच तो ओढून गुंडाळून घेतं. आता महिना महिना बघावं लागत नाही.

नव्या सोयींचं वाद्य बरं का जुन्या धर्तीचं, हा गर्डीवाल्यांमधला वाद माझ्यासाठी इथून सुरू झाला. कारण माझ्या किटमध्ये नवं बरंच आहे. जुन्या फ्रेंच वाद्यात खुंट्या लाकडी, याच्यात गिटारसारख्या गियरच्या, ट्यूनिंग पाच मिनिटांत. घुमणाऱ्या तारांना छोटे कॅपो आहेत, ते फिरवले की सी ची तार डी होते, गाणं बदललं तर तार पिळत बसायला नको. आत पिकअप आहे, म्हणजे आवाज स्पीकरला जोडता येतो. आणि या सगळ्याने माझा वेळ खूप वाचला, खोटं कशाला बोलू. पण कापूस, राळ आणि मनगट, या तिघांपुढे कोणतंच अपग्रेड चालत नाही.

मनगटाचं सांगते. या वाद्यात एक तार असते, ट्रॉम्पेट. ती एका छोट्या सैल घोडीवर (तार टेकते तो लाकडी तुकडा) बसते, आणि त्या घोडीचा एक पाय वाद्याच्या वरच्या फळीवर घट्ट न बसता नुसता टेकलेला असतो. फ्रेंचमध्ये त्या घोडीला शियँ म्हणतात, म्हणजे कुत्रा. (घुमणाऱ्या तारांची नावं मूश आणि बूर्दों, म्हणजे माशी आणि भुंगा, एकूण प्राणिसंग्रहालय आहे.) हँडल सारखं फिरवलं तर कुत्रा गप्प. फिरवता फिरवता मनगटाने मध्येच झटका दिला, चाकाचा वेग क्षणभर वाढला, की तो पाय फळीवर थडथडतो आणि भुंकतो, झ्झर्र. एका फेरीत एक झटका, दोन, तीन, चार, त्यातून ताल होतो. म्हणजे सूर, घुमणारी आस आणि ठेका तिन्ही एकाच माणसाकडे. कुत्रा किती चटकन भुंकावा हे एका बारीक दोरीने ठरतं, तिराँ, ती ट्रॉम्पेटला बांधलेली असते आणि तिची चिमुकली खुंटी पिळायची. हंगेरीतल्या गर्डीवर, तेकेरोवर, दोरीऐवजी लाकडी पाचर असते, काम तेच. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवताना जवारी, म्हणजे तो झणझणता नाद, कशी एका जागी अचानक उमलते, अगदी तसं. दोरा केसभर सरकला की गेली. आई मिरजेच्या तंबोऱ्यावर हे गेली चाळीस वर्षं करतेय, तिला हे वाद्य माझ्याआधी कळलं. फोनवरून ऐकून म्हणाली, "तुझी जवारी बंद आहे गं."

मला चार झटके मनगटात बसायला सहा महिने लागले आणि त्यातले तीन आठवडे मी स्वतःच वाया घालवले. शेजाऱ्याने सभ्यपणे दार वाजवल्यावर मी एका ओळखीच्याकडून डिजिटल गर्डी आणली. दिसायला हँडल, पट्ट्या सगळं तसंच, पण तार एकही नाही, हँडलमागे छोटी मोटर जनरेटरसारखी फिरते, वेगाप्रमाणे व्होल्टेज बदलतं, ठरावीक आकड्यावर गेलं की भुंकण्याचा आवाज सोडला जातो. हेडफोन लावा, रात्री बारा वाजता वाजवा. पट्ट्यांचा सराव म्हणून मस्त, प्रवासातही मस्त, कधी बेसूर होत नाही. पण तीन आठवड्यांनी स्वतःच्या वाद्याकडे परत आले तर कुत्रा एकतर गप्प नाहीतर सारखा भुंकतोय, मध्ये काही नाही. तिथे नॉब फिरवून कुत्रा सोपा करून ठेवला होता मी, आणि मनगट आळशी झालं होतं. खऱ्या चाकाला तारांचा अडथळा असतो, त्या अडथळ्यावरच झटका टेकतो, ते त्या मोटरमध्ये मला सापडलं नाही. ज्यांना आधीच वाजवता येतं त्यांनी खुशाल घ्या, नवशिक्यांनी त्याच्यावर झटके शिकू नका, माझं ऐका.

या महिन्यात सुट्टी काढून फ्रान्सला बेरी प्रांतात गेले. तिथे सँ-शार्तिए गावात १९७६ मध्ये वाद्यकारागिरांचा मेळावा सुरू झाला, आता तो ला शात्रजवळ आर्सच्या गढीच्या आवारात भरतो. झाडाखाली टेबलं, टेबलांवर गर्ड्या, बॅगपाइप, कोणीही उचलून वाजवून बघायचं. मी एका बाजूला झाँझाच्या धर्तीचं जुनं वाद्य मांडीवर घेतलं (झाँझा हे बूर्बोने भागातलं खेडं, पाजो घराण्याच्या गर्ड्यांसाठी प्रसिद्ध, तिथे कारागिराच्या घराचं म्युझियम आहे) आणि पुढच्याच टेबलावर सहा-सात जास्तीच्या तारा, पिकअप आणि लूपरला (वाजवलेलं परत परत ऐकवणारं यंत्र) जोडलेलं एक काळंभोर इलेक्ट्रिक. जुन्याचा आवाज छोटा पण नाकात बोलणारा, कुत्रा असा सुटा आणि स्पष्ट की मला लाजच वाटली. इलेक्ट्रिकवर एक तार छेडली आणि पायाखालची जमीन हलली, पण सगळं छान मोठं मोठं झाल्यावर माझ्या कानाला ते झ्झर्र शोधावं लागत होतं.

तिथे एक सत्तरीचे आजोबा भेटले, आयुष्यभर गावच्या नाचांना वाजवलेले, ते इलेक्ट्रिककडे बघून तोंड वाकडं करत होते. माझ्या किटकडे पण केलं. मग म्हणाले वाजव. मी वाजवलं, त्यांनी न विचारता हात पुढे करून माझी तिराँची खुंटी केसभर सैल केली, परत वाजव म्हणाले, आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा माझे चार झटके चार ऐकू आले, इतके दिवस मी भीतीपोटी ती घट्ट पिळून ठेवली होती. मी धन्यवाद म्हणता म्हणता त्यांच्या वाद्याकडे पाहिलं, तर खुंट्यांच्या आत गियर, डोक्याला क्लिपवाला ट्यूनर, आणि एक पट्टी चक्क सुपरग्लूने चिकटवलेली! विचारलं तर हसले नुसते.

खरं तर शुद्ध म्हणजे कुठल्या सालचं, हाच प्रश्न आहे. स्पेनमधल्या सांतिआगोच्या चर्चच्या दारावर ११८८ च्या शिल्पात जे वाद्य कोरलंय ते दोन माणसांनी मांडीवर आडवं घेऊन वाजवायचं, एकाने हँडल, दुसऱ्याने पट्ट्या. १६१९ मध्ये प्रेटोरिअस या जर्मन संगीतकाराने याला शेतकऱ्यांचं आणि गावोगाव फिरणाऱ्या बायकांचं वाद्य म्हणून एका ओळीत उडवून लावलं. पुढे शंभर वर्षांत व्हर्सायच्या आंरी बातोंने जुन्या गिटारी आणि ल्यूट या तारवाद्यांची खोडं घेऊन त्यात चाक बसवलं, आणि दरबारातल्या बायकांत हे फॅशनचं झालं. आज ज्या गोल पाठीच्या वाद्याला लोक पारंपरिक म्हणतात ते त्या काळी भंगारातून केलेला जुगाड होता. फ्रेंच वादक व्हॅलाँतँ क्लास्त्रिएने इलेक्ट्रो-अकूस्टिक गर्डी घेऊन स्वतःची वाट काढली तेव्हा १९९२ च्या अल्बमला नावच दिलं एरेझी, म्हणजे पाखंड, शिव्या येणार हे गृहीत धरून. आपल्याकडे पेटीला रेडिओवर १९४० पासून तीसेक वर्षं बंदी होती आणि आज पेटीशिवाय भजन बसत नाही, त्यामुळे मला या भांडणात फार राग येत नाही. माझी अडचण वेगळीच आहे. इंटरनेटवर नवशिक्याला सगळे वाद्याच्या तारा किती, पिकअप कुठलं एवढंच सांगतात, आणि झटका कसा बसवायचा हे सांगायला माणूस समोर लागतो. तो नसेल तर दहा तारा घेऊन तुम्ही दहा तारा बेसूर कराल. मी सध्या सहापैकी तीन तारा चाकावरून उचलून ठेवल्यात, चालू फक्त एक सुराची, एक भुंगा आणि ट्रॉम्पेट, आणि असं वाजवायला जास्त मजा येतेय.

किट परत घेईन का? घेईन, पण डबा उघडल्यावर गोंदाआधी चाक तपासेन. डिजिटल परत केली. पिकअपची वायर जोडली तेव्हापासून एकदाच वापरलीये, ती पण नवऱ्याच्या हट्टाने. जुन्या धर्तीच्या वाद्यासाठी एका कारागिराकडे नाव लिहून आलेय, अडीच वर्षं म्हणाला. तोवर आईला दोन झाडं अजून लावायला सांगितली आहेत. ती म्हणते वातींना उरला तर पाठवीन.