सिंगापूर क्रूझ: जाहिरातीतला रेट आणि खिशातून खरंच गेलेले पैसे (बुकिंगनंतर दहा महिन्यांनी केलेला हिशोब)

आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, जानेवारी 2025 मध्ये सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ केली, पिनांग आणि फुकेत. जहाज छान, जेवण छान, सासूबाई तर डेकवरून हलतच नव्हत्या. त्यामुळे ट्रिपबद्दल तक्रार अजिबात नाही, पण पैशाचं सगळं आवरायला मला ऑगस्ट उजाडला म्हणून आत्ता सविस्तर लिहितेय.

बुकिंग नोव्हेंबर 2024 मध्ये ठाण्यातल्या एका एजंटकडून केलं. व्हॉट्सअॅपवर आलेला रेट होता पहिल्या दोघांना माणशी 48 हजार आणि त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्याला 22 हजार, म्हणजे 1 लाख 40 हजार. आम्ही हाच आकडा धरून सुट्टी टाकली, विमानाची तिकिटं काढली. मग बिल आलं. पोर्ट चार्जेस, म्हणजे बंदरांची फी, माणशी 9,500, आणि हे लक्षात घ्या, भाडं तिसऱ्या-चौथ्याला कमी असलं तरी पोर्ट चार्जेस सगळ्यांना सारखेच, मुलालाही तेवढेच. मुलं फ्री अशी ऑफर बघाल तेव्हा हे आधी विचारा, कारण फ्री असतं ते फक्त भाडं. त्यावर एजंटचा सर्व्हिस चार्ज माणशी दीड हजार, झाले 1 लाख 84 हजार. त्यावर 5 टक्के जीएसटी 9,200, आणि परदेशी टूर पॅकेज म्हणून तेव्हाच्या दराने 5 टक्के टीसीएस (विकणाऱ्याने आपल्याकडून आधीच घेऊन सरकारला भरायचा आयकर) 9,660. एकूण 2,02,860. फोनवर विचारलं तर म्हणे मॅडम टॅक्स तर लागणारच ना. अहो लागणार हे मलाही कळतं, पण मग पहिल्याच मेसेजमध्ये लिहायचं ना!

जहाजावर चढल्यावर ग्रॅच्युइटी, म्हणजे तिथल्या कर्मचाऱ्यांची टिप. माणशी दर रात्री 18 अमेरिकन डॉलर, चौघांचे चार रात्रींचे 288 डॉलर, आपोआप केबिनच्या खात्यात. तेव्हाच्या भावाने पावणेपंचवीस हजार, वर क्रेडिट कार्डाचा साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप (परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो आकार) आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, ते आणखी हजारभर. बरेच लोक रिसेप्शनला जाऊन ग्रॅच्युइटी काढून टाकायला सांगतात, मला ते पटत नाही. आमच्या टेबलाला वाढणारा मुलगा मडगावचा होता, सासूबाईंशी कोकणीत बोलायचा, सकाळी सहाला दिसायचा आणि रात्री अकरालाही तोच. त्या पैशावर यांची कमाई अवलंबून असते, ते द्यायलाच हवेत. माझं म्हणणं एवढंच की ते भाड्याच्या शेजारी छापा. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2024 पासून सक्तीचे चार्जेस धरूनच किंमत दाखवायचा कायदा आहे, तसं आपल्याकडेही व्हायला हवं.

आणि डेबिट कार्ड देऊ नका प्लीज. चेक-इनला खात्यावर होल्ड लावतात, आमच्या ओळखीच्यांचे पैसे घरी आल्यावरही बरेच दिवस अडकून होते.

आता सगळ्यात मोठा ताप, टीसीएस. हा खर्च नाही, रिटर्न भरलं की वळता होतो किंवा परत मिळतो, पण ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच. पैसे माझ्या खात्यातून गेले, पण एजंटने यादीत पहिलं नाव सासूबाईंचं म्हणून पॅन त्यांचा टाकला. मी माझा 26एएस (पॅनवर जमा झालेला कर दाखवणारा आयकर खात्याचा फॉर्म) उघडून बघतेय तर काहीच नाही, दोन महिने मी एजंटच्या मागे, तो म्हणे भरलंय भरलंय, शेवटी सहज त्यांचा उघडला तर तिथे 9,660 दिसले. त्यांचं पेन्शन एवढंसं, रिटर्न कधी भरावंच लागलं नव्हतं, ते मुद्दाम जुलैत भरलं तेव्हा ऑगस्टमध्ये पैसे त्यांच्या खात्यात आले. बुकिंग करतानाच पॅन कुणाचा टाकताय ते मेसेजवर लिहून घ्या आणि टीसीएसचं सर्टिफिकेट मागून घ्या.

आमच्याबरोबर येणाऱ्या शेजाऱ्यांनी वीस दिवस आधी कॅन्सल केलं, त्यांचं भाडं पूर्ण बुडालं. पण माणूस चढलाच नाही तर पोर्ट चार्जेस कसले? एजंट स्वतःहून काही बोलला नाही, शेजाऱ्यांनी ईमेलवर मागितले तेव्हा परत मिळाले.

तर टीसीएस वजा जाता 1 लाख 40 हजारांवर आमचे 79 हजार जास्त गेले, विमान आणि फिरणं वेगळंच. आता दिवाळीला मुंबई-गोवा जहाजाचं बघतोय, देशातल्या देशात म्हणून टीसीएस नाही. या वेळी दुसऱ्या एजंटला आधीच सांगितलं, चौघांचा, पोर्ट चार्जेस, जीएसटी, ग्रॅच्युइटी सगळं धरून एकच आकडा पाठवा, नाहीतर पाठवूच नका. दोन तासांत पाठवला त्याने.