अकरा महिने रोख न वापरता: काय जमलं, काय अडलं

मागच्या महिन्यापर्यंत अकरा महिने, मधले दोन दिवस सोडले तर, माझ्या पाकिटात एकही नोट नव्हती. फोनवरून क्यूआर कोड, फोन टेकवून पैसे देणं आणि एक डेबिट कार्ड, एवढ्यावरच रोजचे सगळे व्यवहार केले. ‘आता रोख लागते कुणाला?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, आणि खरं सांगायचं तर इतक्यांदा म्हटलंही होतं, की एकदा ते स्वतः नीट वापरून बघायचं ठरवलं. दर रविवारी वहीत नोंद केली: कुठे सोपं गेलं, कुठे खोळंबा झाला, माझ्यामुळे दुसऱ्या कुणाची अडचण झाली का. पुढचं सगळं त्या वहीतून.

आधी चांगलं, कारण ते खूप आहे. सुट्ट्या पैशांची कटकट संपली. कुणाकडून किती येणं आहे आणि कुणाला किती द्यायचं आहे, हे मिटवायला आता मिनिटही लागत नाही. चौघांनी मिळून खर्च केला की चौघांचे वाटे तिथल्या तिथे होतात. खोटी नोट हातात येण्याची धास्ती नाही, पाकीट हरवलं तर पैसे गेले ही भीती नाही. स्टेटमेंट उघडलं की मार्चमध्ये औषधांवर किती गेले ते दिसतं. पूर्वी असा हिशेब ठेवायचा मी कितीदा निश्चय केला आणि दर वेळी दहाव्या दिवशी सोडला. दहांतली नऊ देणी अशी बिनबोभाट झाली. नोटांवर परतून सगळं पुन्हा तसंच करायचं म्हटलं तर मला नको वाटेल.

तिसऱ्या महिन्यात मात्र वहीत एक गोष्ट दिसली. माझा खर्च वाढला होता. मोठ्या वस्तूंवर नाही, किरकोळ गोष्टींवर. नोट देताना हातातून काहीतरी जातं, उरलेल्या नोटा डोळ्यांना दिसतात. फोन टेकवताना तसं काहीच जाणवत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले संशोधक ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. सामन्याच्या तिकिटांसाठी त्यांनी बंद पाकिटातल्या बोली मागवल्या. काही जणांना रोखीने पैसे द्यावे लागतील असं सांगितलं, काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांनी त्याच तिकिटांना रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त बोली लावली. हे वाचलं होतं, पण स्वतःच्या वहीत दिसल्यावर पटलं. मग एक वेगळं खातं उघडून आठवड्याचे पैसे सोमवारी तिकडे वळते करायला लागले आणि फोनचं ॲप आणि कार्ड फक्त त्याच खात्याला जोडलं. शुक्रवारी शिल्लक कमी दिसली की हात आखडतो. रोख पाकीट जे काम आपसूक करायचं, ते मला असं मुद्दाम उभं करावं लागलं.

आता अडचणी. पैसे अडकण्याचा अनुभव जवळपास प्रत्येकाला येतो आणि त्या क्षणी नेमकं काय झालं हे फार थोड्यांना कळतं, म्हणून सविस्तर लिहिते. रोखीत दोघंच असतात, देणारा आणि घेणारा. कार्ड किंवा ॲपने पैसे दिले की मध्ये मोठी साखळी येते: दुकानदाराचं यंत्र, त्याची बँक, देवाणघेवाण करणारं जाळं, आपली बँक, आणि या सगळ्यांना जोडणारं इंटरनेट. आपल्या बँकेने पैसे वजा केले, पण ‘दिले’ हा निरोप परत येताना वाटेत हरवला, की आपल्याला ‘कापले’ दिसतं आणि समोरच्याला ‘आले नाहीत’. खोटं कुणीच बोलत नसतं. माझ्या बाबतीत असं तीनदा झालं. पहिल्या वेळी मागे रांग होती, लोक बघत होते, म्हणून घाईने पुन्हा पैसे दिले. पहिले चार दिवसांनी परत आले. चार दिवस एकाच वस्तूचे दोनदा पैसे गेलेले होते. महिनाअखेर असती तर हे मला झेपलं नसतं, आणि अनेकांचे सगळेच दिवस महिनाअखेरीसारखे असतात.

असं झालं तर दुसऱ्यांदा पैसे देण्याआधी व्यवहाराची स्थिती ॲपमध्ये पुन्हा उघडून बघा आणि संदर्भ क्रमांक जपून ठेवा. अडकलेले पैसे किती दिवसांत परत यायला हवेत याचे नियम असतात. भारतात रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये ते ठरवून दिले: यूपीआयने दुकानदाराला दिलेली रक्कम खात्यातून गेली पण त्याला पोचल्याची खातरजमा झाली नाही, तर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी, आणि उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची. तक्रार न करताही ही भरपाई मिळायला हवी. हे माहीत असलं की तक्रार करताना आवाज वेगळा लागतो.

सातव्या महिन्यात जे झालं ते याहून गंभीर होतं. मी फोन बदलला. नव्या फोनवरून दोन व्यवहार केल्यावर बँकेच्या यंत्रणेला संशय आला आणि सुरक्षेसाठी खातं तात्पुरतं गोठवलं गेलं. संशय येणं चुकीचं नव्हतं, फोन चोरीला गेला असता तर मी त्याच यंत्रणेला धन्यवाद दिले असते. पण ॲप आणि कार्ड दोन्ही एकाच खात्यावर होती, त्यामुळे दोन्ही एकदम बंद पडली. शनिवारची दुपार होती, ओळख पटवायला सोमवारी शाखेत या असं सांगण्यात आलं. दोन दिवस माझ्याकडे पैसे होते आणि मला ते वापरता येत नव्हते. शेजारणीकडून उसने घेतले, नोटा. त्या हातात घेताना जे वाटलं ते वहीत लिहिलेलं आहे: नोट माझ्या हातात असेल, तर ती चालवायला मला कुणाची परवानगी लागत नाही. खात्यातले पैसे माझेच आहेत, पण दर वेळी कुणीतरी ‘हो’ म्हणावं लागतं.

देशाच्या पातळीवर हेच 28 एप्रिल 2025 ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये दिसलं. दुपारी वीज गेली आणि दोन्ही देशांचा बहुतेक भाग अंधारात गेला. कार्डयंत्रं बंद, एटीएम बंद, मोबाइलचं जाळं कोलमडलेलं. खिशात नोटा होत्या त्यांना पाणी, मेणबत्त्या, बॅटरीवर चालणारे रेडिओ घेता आले. त्या दिवशी खात्यात कितीही पैसे असले तरी त्यांचा उपयोग नव्हता.

आता आईबद्दल. माझ्या मते या अनुभवातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

ती 76 वर्षांची आहे. आयुष्यभर तिने पैसे लखोट्यांमध्ये ठेवले. विजेचा लखोटा, औषधांचा लखोटा, कुणाकडे कार्य असलं तर त्याचा वेगळा. महिन्याच्या वीस तारखेला कोणता लखोटा किती जाड आहे, यावरून तिला घरची स्थिती कळते. माझा प्रयोग सुरू झाल्यावर मी तिलाही ॲप घालून दिलं. ती शिकली, हे मुद्दाम सांगते, कारण म्हाताऱ्या माणसांना जमत नाही असं सरसकट म्हणणं मला मान्य नाही. अडचण शिकण्याची नव्हती. तिची बोटं थोडी थरथरतात, पिन चुकतो, तीनदा चुकला की ॲप अडतं. आणि तिच्या मनात सतत भीती असते. एकदा कुणीतरी फोन करून ‘तुम्हाला पैसे परत द्यायचे आहेत, फक्त पिन टाका’ असं सांगितलं. मी शेजारी बसले होते म्हणून वाचली. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे तिने कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवलं आहे. हातातली नोट कुणी हिसकावली तर निदान कळतं. इथे फसवणारा माणूस आपल्याच बोटाने आपले पैसे पाठवायला लावतो.

नवव्या महिन्यात मी तिला रक्ततपासणीला घेऊन गेले. काउंटरवर पाटी होती: रोख स्वीकारली जात नाही. आईने लखोटा पिशवीतून काढला होता. तो तिने परत आत ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी फोन टेकवला, काम झालं. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “माझे पैसे चालत नाहीत तिथे मला एकटीला जाता येणार नाही, एवढंच.” माझं सगळं सोपं झालं होतं ते कुणाच्या जिवावर, हे मला त्या वाक्याने कळलं.

त्यानंतर मी अशा लोकांकडे लक्ष द्यायला लागले. ज्यांचं बँक खातंच नाही ते. अंध व्यक्ती: नोटेवर हाताने ओळखण्याच्या खुणा असू शकतात, फोन बोलून सांगतो, पण सपाट काचेच्या कार्डयंत्रावर पिनचे आकडे नेमके कुठे आहेत ते हाताला लागत नाही. जिचं खातं नवरा तपासतो आणि प्रत्येक व्यवहाराचा निरोप त्याच्या फोनवर जातो, अशी बाई. तिने बाजूला ठेवलेल्या चार नोटा म्हणजे कदाचित घराबाहेर पडण्याचा तिचा एकमेव मार्ग असतो. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने 2019 मध्ये दुकानांना रोख नाकारण्यावर बंदी घातली, ती खातं नसलेल्यांचा विचार करूनच.

मग रोख जाणार का? वर्ष सुरू करताना मला वाटायचं, लोक सोडतील तशी ती हळूहळू जाईल, आणि लोकांनीच सोडली तर वाईट काय? आता मला ते तसं दिसत नाही. स्वीडनकडे बघा. युरोपातल्या पहिल्या कागदी नोटा 1661 मध्ये तिथेच, स्टॉकहोममध्ये निघाल्या, आणि रोखीचा वापर सगळ्यात वेगाने कमी झालेल्या देशांतही स्वीडनचंच नाव येतं. तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या पाहणीत, शेवटची खरेदी रोखीने केली असं सांगणारे 2010 मध्ये 39 टक्के होते, 2020 मध्ये 9 टक्के. पण ही घसरण फक्त लोकांच्या मर्जीने होत नाही. नोटा मोजायच्या, गाडीतून न्यायच्या, एटीएम भरायचं, दुकानदाराने गल्ला बँकेत जमा करायचा, याचा खर्च वापर निम्मा झाला म्हणून निम्मा होत नाही. मग बँक एटीएम काढते, शाखा रोख घेणं थांबवते. गल्ला जमा करायला लांब जावं लागतं म्हणून दुकानदार पाटी लावतो. पाट्या वाढल्या की माणूस नोटा बाळगणं सोडतो. शेवटी ज्याला रोख हवी आहे त्याच्याही हातून ती जाते, आणि त्याला कुणी विचारलेलंही नसतं.

स्वीडनच्या हे लक्षात आलं. 2021 पासून तिथल्या मोठ्या बँकांना रोख काढण्याची आणि गल्ला जमा करण्याची सोय ठेवणं कायद्याने भाग पडलं. 2024 च्या अखेरीस घरोघरी वाटलेल्या आपत्कालीन पुस्तिकेत घरात रोख ठेवा असा सल्ला आहे. शेजारच्या नॉर्वेने ऑक्टोबर 2024 पासून दुकानात रोखीने पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क पक्का केला. सगळ्यात पुढे गेलेले देशच दोन पावलं मागे येताहेत, याचं मला फार महत्त्व वाटतं.

बाकी ठिकाणी चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या पाहणीनुसार युरो वापरणाऱ्या देशांत दुकानांतल्या देण्यांपैकी रोखीची संख्या 2019 मध्ये 72 टक्के होती, 2024 मध्ये 52. म्हणजे अजून निम्म्याहून जास्त. भारतात यूपीआय 2016 मध्ये सुरू झालं आणि ऑगस्ट 2023 मध्ये महिन्याला 1000 कोटी व्यवहारांच्या पुढे गेलं. त्याच काळात चलनातल्या नोटांचं मूल्य मात्र नोटबंदीआधीच्या सुमारे 18 लाख कोटी रुपयांवरून मार्च 2024 पर्यंत 34 लाख कोटींच्या वर गेलं. लोक देताना फोन वापरतात आणि अडीअडचणीसाठी नोटा घरात ठेवतात. केनियात 2007 मध्ये सुरू झालेलं एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा, साध्या फोनवर चाललं, याचं मोठं कारण गावोगावचे एजंट. नोटा द्या, फोनमध्ये पैसे घ्या. फोनमधले पैसे द्या, नोटा घ्या. रोखीचं दार उघडं होतं म्हणून लोक त्या नव्या घरात शिरले.

माझा अकरा महिन्यांचा निष्कर्ष असा: वापरायला रोखरहित व्यवहार उत्तम, पाचपैकी साडेचार देईन. एकमेव पर्याय म्हणून दीडसुद्धा देणार नाही. आणि कुणी रोख नाकारत असेल तर ते बोलून दाखवायला हवं, फोनवाल्यांनी जास्तच, कारण आपलं काम झालेलं असतं आणि आपण निघून जातो.

प्रयोग मागच्या महिन्यात संपवला. आता पाकिटात आठवडाभर पुरतील एवढ्या नोटा असतात, मुद्दाम लहान. कार्ड एका बँकेचं, ॲप दुसऱ्या बँकेच्या खात्यावर. तपासणी केंद्राला मी दोनदा पत्र लिहिलं. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्यात आईचं वय आणि तिचं ते वाक्य लिहिलं. आता सकाळी दोन तास तिथे रोख घेतात. गेल्या गुरुवारी आई एकटी जाऊन आली, पावती आणून लखोट्यात ठेवली, आणि उरलेले पैसे दोनदा मोजून बघितले.