हनोईतलं कॉम बिन्ह झान: हेल्दी आहे का? आहे, पण वाटीत काय बुडवताय ते बघा

व्हिएतनामला, हनोईला जाणारा प्रत्येकजण फो (तांदळाच्या नूडल्सचं सूप), बुन चा (भाजलेलं डुकराचं मांस आणि नूडल्स), बान्ह मी (पावाचं सँडविच), अंड्याची कॉफी अशी यादी करूनच जातो आणि यादीत काही चूक नाही, पण तिथला ऑफिसातला माणूस रोज दुपारी जे जेवतो ते या यादीत कुठेच नसतं. ते मिळतं कॉम बिन्ह झानमध्ये. सरळ सांगायचं तर खानावळ. मी कामासाठी हनोईत होतो तेव्हा बा दिन्ह भागातल्या एका गल्लीत अशा एका ठिकाणी दुपारचं जेवायचो, त्याचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारीपण आहेत, आणि तसंही पाटीवर कॉम (म्हणजे भात) सोडून काही लिहिलेलं नाही, तशा पाट्या त्या भागात गल्लोगल्ली आहेत.

पद्धत अशी की काचेमागे स्टीलच्या ट्रेमध्ये पंधरावीस प्रकार मांडलेले असतात, तुम्ही बोट दाखवायचं, काउंटरवरच्या मावशी (त्यांना 'को' म्हणायचं, हाक मारायची तर 'को ओई') भाताच्या ताटात वाढत जातात आणि शेवटी ताटाकडे एक नजर टाकून रक्कम सांगतात. हिशोब कसा करतात देव जाणे, पण रोज बरोबर वाटायचा. माझं ताट साधारण ४०,००० डाँगला पडायचं, १ रुपयाला अंदाजे ३०० डाँग धरले तर सव्वाशे-दीडशे रुपये. वरण म्हणा सूप म्हणा, ते कान्ह वेगळं वाटीत मिळतं आणि त्याचे पैसे नाहीत, त्रा दा म्हणजे बर्फ घातलेला कोरा चहा हवा तेवढा.

आता मुद्द्यावर येतो. व्हिएतनामी खाणं हेल्दी हेल्दी म्हणून इंटरनेटवर फार गाजतं आणि सोबत फोटो कायम गोई कुओन म्हणजे न तळलेल्या पारदर्शक रोलचा असतो. माझं मत असं झालंय की हेल्दीपणा कुठल्या एका पदार्थात नाहीये, तो ताट ज्या पद्धतीने भरतात त्यात आहे. घरी असो किंवा अशा जागी, जेवण म्हणजे भात, एक कान्ह, एक पालेभाजी, आणि एक खारं-चमचमीत काहीतरी, मासा किंवा डुकराचं मांस किंवा टोफू, तेही थोडंसं, भाताला तोंडी लावण्यापुरतं. मांसाचा तुकडा ताटाच्या मधोमध राजासारखा बसलेला नसतो. त्यामुळे काहीही विशेष न ठरवता तुम्ही भाजी भरपूर आणि मांस कमी खाता. हे ज्याने कुणी पहिल्यांदा जमवलं असेल त्याने डाएट वगैरे शब्द ऐकलाही नसेल.

या जागेची पालेभाजी खरंच एक नंबर. राउ मुओंग, म्हणजे आपल्याकडे कोकणात नाळीची भाजी म्हणतात ती, नुसती उकळत्या पाण्यात घालून हिरवीगार असतानाच बाहेर काढलेली, तेलाचा थेंब नाही. आणि गंमत म्हणजे ज्या पाण्यात उकडली ते पाणी फेकत नाहीत, त्यात लिंबू पिळतात किंवा साउ नावाचं आंबट फळ चेचून घालतात आणि तेच झालं कान्ह. साउ हे आंब्याच्याच कुळातलं आहे, हनोईत फान दिन्ह फुंग रस्त्यावर दोन्ही बाजूला या साउचीच मोठी मोठी झाडं आहेत, उन्हाळ्यात फळं येतात. भाजीतलं जे काही पाण्यात उतरतं ते सगळं परत पोटात, वाया काही नाही. चवीला म्हणाल तर पहिल्या घोटाला वाटतं हे काय पाणी देतायत, पण बाहेर ३८-३९ डिग्री असताना आणि घामाने शर्ट चिकटलेला असताना तो आंबट गार घोट जे काम करतो ते कोल्ड्रिंक करत नाही.

पण माझं सगळ्यात आवडतं कान्ह कुआ. शेतातले छोटे खेकडे कवचासकट कुटायचे, पाणी घालून गाळायचे, ते पाणी मंद आचेवर ठेवलं की खेकड्याचा अंश गोळा होऊन वर तरंगतो, आणि त्यात मायाळूची पानं (हो, तीच आपली मायाळू, तिकडे मोंग तोई) आणि तागाच्या जातीचा एक बुळबुळीत पाला. ज्यांना भेंडीची तार चालत नाही त्यांनी या वाटेला जाऊ नका, सूप घशातून आपोआप घसरतं. सोबत का फाओ, म्हणजे सुपारीएवढी पांढरी वांगी मिठाच्या पाण्यात मुरवलेली, कुर्रकुर्र वाजतात. ही जोडी उन्हाळ्यातलीच, आणि तिथले लोक सांगतात की हे 'थंड' जेवण आहे. त्यांच्याकडे पण पदार्थ गरम आणि थंड अशा दोन गटात पडतात आणि जेवणात दोन्हीचा तोल बघतात, उदाहरणार्थ बदक थंड म्हणून त्याबरोबर आल्याचं चाटण, आणि पिल्लू तयार होत आलेलं बदकाचं अंडं खातात त्याच्याबरोबर आलं आणि राउ राम नावाचा तिखटसर पाला. शास्त्र किती ते बाजूला ठेवा, पण या हिशोबामुळे प्रत्येक ताटात कुठला ना कुठला ताजा पाला येतोच. तिया तो, किन्ह झोई, तुळशीच्या जातीतली हुंग, असं एका टोपलीत ठेवलेलं असतं, हाताने तोडायचं आणि खायचं. दक्षिणेत सायगॉनकडे ही टोपली अजून मोठी असते म्हणतात ते खरंय, तिकडे फोबरोबरसुद्धा पाल्याचा ढीग आणि मोड आलेले मूग येतात, हनोईचा फो त्यामानाने साधा.

कच्च्या पाल्याबद्दल एक सूचना, पोट नाजूक असेल तर पहिले काही दिवस टोपलीला हात लावू नका, उकडलेलं 'लुओक' मागा. या जागी पाला धुतात पण मागे नळाखाली टबात धुतात, डोळ्याने पाहिलंय, मला काही झालं नाही पण बरोबरच्या एकाचं पोट बिघडलं होतं, कशाने ते सांगता येत नाही.

टोमॅटोतला टोफू पण जरूर घ्या. तो आधी तळतात त्यामुळे लो-फॅट वगैरे अजिबात नाही, पण हनोईचा टोफू इतका मऊ आणि ताजा असतो की आपल्या सुपरमार्केटमधल्या त्या रबरी वड्या विसराच. नेम रान म्हणजे तळलेले रोल मस्त, पण दुपारी दीड वाजता गार झालेले असतात आणि तेल टिश्यूवर उतरतं. सकाळचं तेल संध्याकाळपर्यंत चालवतात असा मला वास आला, एकदा विचारलं तर को हसल्या फक्त.

आता मीठ. हे कुणी बोलत नाही म्हणून मी जरा लांब लिहितो. ताटातलं ते एक खारं आयटम, का खो म्हणजे मडक्यात आटवलेला मासा, तो इतका खारट असतो की एका तुकड्यावर अर्धं ताट भात जातो, तोच तर त्याचा उद्देश. गरिबीत थोड्या माशावर भरपूर भात खाता यावा म्हणून बनलेली ही चव. वर का फाओ, वर सगळ्यांच्या मधोमध ती छोटी वाटी, नुओक माम. हा माशांचा सॉस म्हणजे अँचोव्ही नावाचे छोटे समुद्री मासे आणि मीठ साधारण ३ ला १ या प्रमाणात पिंपात भरून वर्षभर मुरवतात, फू क्वोक बेटाचा सगळ्यात नावाजलेला, त्याला २०१२ पासून युरोपात शॅम्पेनसारखं नावाचं संरक्षणपण आहे, म्हणजे दुसऱ्या कुणी ते नाव लावायचं नाही. चव अफाट, पण एका मोठ्या चमच्यात जवळपास १४०० मिलिग्रॅम सोडियम जातं आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात २००० च्या आत राहा म्हणते. म्हणजे दोन वेळा वाटी पुसून खाल्ली की कोटा संपला. तिथल्या सरकारलाही हे माहीत आहे, २०१५ च्या राष्ट्रीय पाहणीत माणशी रोज ९.४ ग्रॅम मीठ निघालं होतं, शिफारस ५ ची. त्यानंतर आरोग्य खात्याने प्रचारच सुरू केला, मीठ कमी घाला, बुडवताना हात हलका ठेवा, खारट कमी खा, अशा अर्थाची घोषणा. त्यातलं हलक्या हाताने बुडवायचं मला फार पटलं, मी तेच करायचो, भाजीचं टोक फक्त टेकवायचं. ब्लडप्रेशरवाल्यांनी का खो ऐवजी टोफू आणि का फाओ फक्त चवीला.

दुसरं म्हणजे भात. पांढरा, भरपूर, आणि संपला की न विचारता परत वाढतात. फो, बुन (शेवयांसारख्या नूडल्स), बान्ह कुओन (वाफवलेले रोल) सगळं तांदळाचंच. डायबेटिस असेल तर 'इत कॉम' म्हणजे थोडा भात असं आधीच सांगा, ऐकतात.

आणि जुन्या ताटावरून सगळ्या देशाला सर्टिफिकेट देऊ नका. शहरात शाळा सुटल्यावर पोरं बबल टी आणि तळलेलं चिकन घेऊनच दिसतात. २०२० च्या पोषण पाहणीत ५ ते १९ वयातली १९ टक्के मुलं जास्त वजनाची किंवा लठ्ठ निघाली, दहा वर्षांपूर्वी तो आकडा ८.५ होता. मोठ्यांमध्ये लठ्ठपणा अजून जगात सगळ्यात कमी असलेल्या देशांपैकी आहे, पण मुलांचं हे बघून पुढे काय ते सांगायला नको. कंडेन्स्ड मिल्कवाली आइस कॉफी तर मीही रोज प्यायचो, ती हेल्दी नाहीच, तिच्याबद्दल बोलायचं पण नाही.

शाकाहारी मंडळींसाठी खरं खरं सांगतो, ही जागा तुमच्यासाठी नाही. राउ मुओंग लसणावर परतलेली मिळते ती बघायला शुद्ध शाकाहारी वाटते पण त्यात नुओक माम किंवा हात नेम नावाची मसाला पावडर असण्याची शक्यता दाट, आणि त्या पावडरीत बऱ्याचदा डुकराच्या हाडांचा अर्क असतो. परतायला चरबी वापरतात ते वेगळंच. नुसतं नो मीट म्हणून भागत नाही. 'तोई आन चाय' म्हणा (चाय म्हणजे चहा नव्हे, शाकाहार) आणि त्याहून बरं म्हणजे चाय लिहिलेलं क्वान चाय, म्हणजे शाकाहारी खानावळ, शोधा, बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण, कडक ठिकाणी कांदा-लसूणसुद्धा नसतो, त्यामुळे जैन लोकांचीही बरीचशी सोय होते, कंदमुळं मात्र असू शकतात. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला खूप लोक शाकाहार करतात, त्या दिवशी साध्या खानावळीतही चायचे दोनतीन ट्रे लागतात. ह्यूएला गेलात तर मजाच, पॅगोडांचं शहर आहे, कोवळ्या फणसाची तिळाच्या पापडाबरोबरची कोशिंबीर तिथे नक्की खा.

एक तुलना करून संपवतो. तलावाकाठी परदेशी लोकांसाठी निघालेल्या एका 'वेलनेस' कॅफेत पण जेवलो, व्हिएतनामी हेल्दी बोल १,९०,००० डाँग, वर गोडमिट्ट ड्रेसिंग, पाला चार पानं, कान्ह नाहीच. गल्लीतल्या को मावशींच्या ताटाच्या जवळपास पाचपट पैसे आणि भाजी निम्मी.

खाण्याला ५ पैकी ४.५, स्वच्छतेला ३ (जमिनीवर टिश्यू आणि हाडं पडलेली असतात, तिथे ते चालतं, आपल्याला बघवत नाही), बसायला २, कारण स्टूल गुडघ्याएवढे आणि फॅन एकच. साडेअकराला पोचा, बारानंतर ऑफिसवाले येतात आणि एकपर्यंत चांगले ट्रे रिकामे होतात, दोनला को आवरून झोपायला जातात. क्यूआरने पेमेंट चालतं पण ते बहुतेक तिथल्या बँकेचं अकाउंट असेल तरच, म्हणून सुट्टे ठेवा, सकाळी सकाळी ५,००,००० ची नोट पुढे केलीत तर को ओरडतात.