ब्रिज मोड की राऊटर मोड: लिनक्सवाल्यांनी काय ठेवावं

युझरनेम-पासवर्डवालं, म्हणजे पीपीपीओई कनेक्शन असेल तर ठरवायचं एवढंच असतं, लॉगिन मॉडेमला करू द्यायचं (राऊटर मोड) की मॉडेम ब्रिजला टाकून, म्हणजे त्याला नुसता मधला पूल बनवून, लिनक्स मशीनवरूनच डायल म्हणजे लॉगिन करायचं. मी दोन्ही वापरलंय.

राऊटर मोड सोयीचा आहे यात वादच नाही. फोन, टीव्ही सगळं वायफायवर, पीसी बंद असला तरी कोणाचं अडत नाही, आणि लिनक्सवर काही करावंच लागत नाही, केबल लावली की आयपी मिळतो. पण नेट गेलं की वैताग सुरू. मॉडेमवर लाल दिवा, १९२.१६८.१.१ (मॉडेमचं सेटिंगचं पान) उघडून बघावं तर नुसतं डिस्कनेक्टेड, आणि कस्टमर केअरला फोन केला की मॉडेम बंद करून चालू करा. लाईन तुटलीय की पासवर्ड चालत नाहीये की पलीकडचा सर्व्हरच बंद पडलाय, काही म्हणजे काही कळत नाही, आणि माझ्याकडे पावसाळ्यात हे सारखं व्हायचं.

ब्रिजमध्ये हेच लॉगमध्ये दिसतं. डेबियन-उबुंटूवर पीपीपीओईकॉन्फ (कनेक्शन लावून देणारी कमांड, pppoeconf) एकदा चालवा, मग प्लॉग (plog) या कमांडने लॉग बघा (कनेक्शन नेटवर्कमॅनेजर सांभाळत असेल तर जर्नलसीटीएल, journalctl). पाडो पॅकेटची (पलीकडच्या सर्व्हरच्या पहिल्या उत्तराची) वाट बघून टाईमआऊट आला तर पलीकडून कोणी उत्तरच देत नाहीये, तेव्हा पीसी-मॉडेममधली केबल बघून घ्या, ती ठीक असेल तर बहुतेक लाईनचा किंवा एक्स्चेंजचा घोळ, उबुंटूच्या सेटिंगला हात लावू नका. पॅप किंवा चॅप (पासवर्ड तपासायच्या दोन पद्धती) ऑथेंटिकेशन फेल आलं तर लाईन शाबूत आहे, पासवर्ड नाहीतर थकलेलं बिल बघा. फोनवर हे नेमकं सांगितलं की निदान माझ्या अनुभवात तरी तक्रार लवकर पुढे सरकते. मला ब्रिज आवडतो तो मुख्यतः यासाठीच.

त्रास आहेतच. मशीन बंद तर घरचं नेट बंद. फोनना नेट द्यायचं तर नॅट (एकाच कनेक्शनवर अनेक डिव्हाइस चालवायची सोय) स्वतः लावा, आणि पीपीपीओई ८ बाईट खातं म्हणून एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १५०० चा १४९२ होतो, तेव्हा एमएसएस क्लॅम्प केलं नाही, म्हणजे पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा त्या मानाने कमी केली नाही, तर फोनवर काही साईट झटकन उघडतात, काही नुसत्या फिरत बसतात. फायरवॉलही लावाच, कारण आता मध्ये मॉडेमची आड नाही.

त्यामुळे घरात सगळ्यांचं काम नेटवर असेल आणि कायम चालू राहणारं मशीन नसेल तर राऊटर मोडच ठेवा, मीही तेच सांगेन. पण एखादा पीसी दिवसभर चालूच असतो आणि नेट वरचेवर जातं, असं असेल तर ब्रिज करून बघाच. फक्त बदलायच्या आधी मॉडेमच्या पानावरचं युझरनेम आणि व्हीलॅन आयडी (असला तर, लाईनवरच्या नेटवर्कचा नंबर) लिहून घ्या, पासवर्ड तिथे बहुधा ठिपक्यांतच दिसतो, तो आयएसपीकडून (नेट देणाऱ्या कंपनीकडून) आधीच मागून ठेवा.