पहिल्या बर्फातला ग्रुप ट्रेक: केदारकंठा की ब्रह्मताल?

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दहा-बारा जणांना घेऊन बर्फात जायचं म्हटलं, की नागपुरातली चर्चा बहुतेक वेळा उत्तराखंडातल्या या दोन ट्रेकच्या नावांवर येऊन थांबते. उंची दोन्हीकडे साडेबारा हजार फुटांच्या आसपास, दिवस जवळपास तेवढेच, खर्चातही फार तफावत नाही.

प्रवासात केदारकंठा सरस. तेलंगणा एक्स्प्रेस किंवा जीटीने (ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस) नवी दिल्ली गाठली, की डेहराडूनला शताब्दीपासून रात्रीच्या बसपर्यंत काहीही मिळतं. ब्रह्मतालसाठी काठगोदामला नेणारी रानीखेत एक्स्प्रेस मात्र जुन्या दिल्लीहून पकडावी लागते. मेट्रोने दोनच स्टेशनं, पण बारा सॅक घेऊन संध्याकाळच्या गर्दीत ती दोनही जड जातात. पुढचा घाट दोन्हीकडे दिवसभराचा. गाडी लागणाऱ्यांना केदारकंठ्याच्या पायथ्याचं सांक्री काय नि ब्रह्मतालचं लोहाजंग काय, सारखंच.

माथ्याचं म्हणाल, तर केदारकंठ्याचा माथा खराखुरा माथा आहे. चहूबाजूंनी मोकळा, समोर स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ ही शिखरं. ब्रह्मतालला डोंगराची लांबलचक धार मिळते आणि 7120 मीटरचा त्रिशूल, शेजारी नंदाघुंटी घेऊन, बराच वेळ नजरेसमोर राहतो. इथवर कुणी केदारकंठा निवडला, तर मी वाद घालणार नाही.

माझं मत फिरतं ते केदारकंठ्याच्या शेवटच्या चढावर. सूर्योदय गाठायचा म्हणून सगळ्या तुकड्या पहाटे तीन-चारच्या सुमारास निघतात आणि वरची वाट एकेरी. हंगामाच्या सुरुवातीचा बर्फ पातळ असतो. दुपारी वरचा थर वितळतो, दिवसभराच्या पावलांनी दाबला जातो, रात्री गोठतो, आणि पहाटे त्याच वाटेवर काचेसारखा गुळगुळीत पट्टा तयार असतो. पुढे एखाद्याच्या बुटावरचा स्पाइक (बर्फात पकड देणारी दातेरी साखळी) निसटला, की मागचे तीस जण उभे. चढताना घाम आलेला असतो. उभं राहिलं की तो गार पडतो आणि आधी पायाची बोटं बधिर होतात. दोन जाड मोजे घट्ट बुटात कोंबले असतील, तर रक्त खेळत नाही आणि हे आणखी लवकर होतं. लोकरीचा एकच जोड, बोटं हलतील एवढी जागा, इतकं पुरतं. ग्रुपमध्ये वेग आधीच कमी-जास्त असतो. त्यात दुसऱ्यांची रांग मध्ये घुसली, की आपले पुढचे दोघे आणि मागचे चौघे एकमेकांना दिसतही नाहीत.

ब्रह्मतालची धार तुलनेने रुंद आहे. थांबणाऱ्याला बाजूला होता येतं, मागच्यांची वाट अडत नाही. तिथला त्रास वाऱ्याचा. विंडचीटर आणि कान झाकणारी टोपी सॅकच्या तळाशी नको, वरच्या खणात हवी. शिवाय वाऱ्याने काही ठिकाणी बर्फ उडून नुसतं गवत उघडं पडतं. ‘सगळीकडे पांढरं’ हवं असेल, तर थोडी निराशा होऊ शकते.

कुठेही गेलात, तरी मायक्रोस्पाइक्स भाड्याने घेताना रबर ताणून पाहा. भेगा असतील, तर थंडीत ते तिथेच तुटतं. साखळीची एकेक कडी तपासा. स्पाइक्स बसून चढवायचे, तेही घसरडं सुरू होण्याआधी, आणि पुढची पट्टी बोटांच्या बरोबर मध्ये आणायची. ओल्या भुसभुशीत बर्फात खाली गोळे चिकटतात. दर काही पावलांनी काठीने बुटाच्या कडेला ठोकलं की पडतात.

तयारीसाठी रामटेक गडाच्या पायऱ्या सात-आठ किलोची सॅक घेऊन चढा, पण खरा भर उतरण्यावर द्या. ब्रह्मतालहून लोहाजंगला परततानाचा लांब उतार गुडघ्यांचा हिशेब घेतो, आणि नखं वाढलेली असली तर अंगठ्याचाही.

ग्रुपमध्ये तरुण, सारख्या चालीची पाच-सहाच मंडळी असतील आणि सुट्टी ख्रिसमसच्या आठवड्यातली नसेल, तर केदारकंठा जरूर करा. मिश्र वयाची दहा-बारा माणसं असतील, तर मी तिकिटं काठगोदामची काढेन.