पुढून हुकाची मऊ ब्रा की खिशातलं सिलिकॉन? दोन्ही वापरून झाल्यावर

आधी माझी परिस्थिती सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. स्तनाच्या कॅन्सरमुळे माझी डावी बाजू पूर्ण काढलीय, तिथे आता सपाट आहे, आणि उजवी होती तशीच आहे, म्हणजे बऱ्यापैकी वजनदार. ज्यांची नुसती गाठ काढलीय किंवा रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे ऑपरेशनने परत स्तन बनवून घेणं, झालंय त्यांचं गणित वेगळं, त्यांनी यातलं कामाचं तेवढं घ्या. दोन्ही बाजू काढल्या असतील तर माझी जी मुख्य तक्रार आहे ती कदाचित तेवढी जाणवणारही नाही.

माझ्या ड्रॉवरमध्ये आता दोन प्रकार आहेत. एक म्हणजे पुढून हुक असलेली मऊ कॉटनची ब्रा, आत फोमचं नाहीतर कापसाचं हलकं पॅड. दुसरी मागून हुकाची, रुंद पट्ट्यांची, आतून खिसा शिवलेली, आणि त्या खिशात सिलिकॉनचा फॉर्म, म्हणजे स्तनाच्या आकाराचा साचा. त्याला प्रोस्थेसिस म्हणतात पण आमच्या घरात त्याचं नाव पाहुणा पडलंय, कारण तो रात्री स्वतःच्या डब्यात झोपतो.

पहिले काही महिने प्रश्नच नाही, पहिलीच लागते. हात मागे नेऊन हुक लावणं तर सोडाच, मला केस विंचरता येत नव्हते. ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, होता, काखेत सूज होती, आणि जखम नीट भरेपर्यंत सिलिकॉन वापरायचं नसतं, साधारण सहा ते आठ आठवडे तरी, त्यातून माझं रेडिएशन होतं म्हणजे कातडी शांत होईपर्यंत आणखी थांबले. तुमचे डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. फक्त या काळात सहा सहा ब्रा घेऊन ठेवू नका, सूज उतरली की माप बदलतं, माझं तर केमोनंतर परत एकदा बदललं. आणि पुढून उघडणारीच घ्यायची तर हुकांची घ्या, चेनची नको. चेनचं खालचं टोक अडकवायला दोन्ही हात लागतात, वर दोन्ही बाजू ओढून जवळ आणाव्या लागतात, आणि आपला एक हात तर रजेवर असतो.

आता ज्या त्रासासाठी मी हे लिहायला बसले तो. घरात होते तोपर्यंत मऊ ब्रा मला इतकी आवडली होती की मी म्हटलं बस, आयुष्यभर हीच. मग कामावर परत गेले. पहिल्याच दिवशी कपाटाच्या वरच्या फळीवरून फाइल काढली, हात खाली आणला, आणि उजवी बाजू जागेवर आली पण डावी वरच राहिली, पार गळ्याच्या हाडाच्या दिशेने. कोपऱ्यात जाऊन खाली ओढली. थोड्या वेळाने परत. गाडीत बसताना, फोन उचलताना, कुणाला हात करताना, दरवेळी तेच. एक दिवस मोजायला घेतलं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरा वेळा ओढून झालं होतं, मग मोजणंच सोडून दिलं. ओढण्याचं काही नाही हो, पण आपण ओढतो तेव्हा समोरच्याची नजर नेमकी तिथे जाते, आणि ज्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून सगळा खटाटोप केला तिच्याकडेच आपण दिवसातून वीस वेळा बोट दाखवतो.

आपल्याला वाटतं ब्रा छातीला धरून ठेवते. तेही खरं, पण छातीचं वजनही ब्राला खाली धरून ठेवत असतं हे मला एक बाजू गेल्यावर कळलं. हलक्या पॅडला वजनच नाही, मग ते पट्ट्याबरोबर वर जातं आणि तिथेच बसतं.

उपाय सगळे केले. खालचा पट्टा एक साइझ घट्ट घेतला तर तो व्रणावर रुतायला लागला. आतल्या स्लिपला पिन लावली तर स्लिपच वर आली. मग कुठेतरी वाचून पॅडच्या आत काचेच्या मण्यांची छोटी पिशवी शिवली, आणि हे खरंच चाललं, दोन आठवडे, नंतर सगळे मणी तळाला जमा झाले आणि आकार असा झाला की मलाच हसू आलं. कुणाला शिवणकामाचा हात चांगला असेल, आत नीट कप्पे करता येत असतील, तर हा उपाय अगदीच टाकाऊ नाही.

सिलिकॉन पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी दचकले होते, एवढं जड? हे दिवसभर लटकवायचं? पण खिशात घातल्यावर ते वजन पाचेक मिनिटांत विसरायला होतं, आणि त्या दिवसापासून ओढणं बंद झालं. अगदी शून्य नाही म्हणणार, पण दिवसातून एखाद्या वेळी. सकाळी थंडगार लागतं, मग अंगाच्या उबेने ठीक होतं. घाम येतो हे खरं आहे, ते लपवत नाही, खिशाचं कापड कॉटनचं असेल तर बरंच सुसह्य होतं.

मागच्या हुकाची भीती मलाही होती. त्यावर माझी युक्ती म्हणजे ब्रा उलटी फिरवून हुक पोटावर लावायचे, मग गोल फिरवायची, आधी ऑपरेशनच्या बाजूचा हात पट्ट्यातून घालायचा, मग दुसरा, आणि पाहुणा सगळ्यात शेवटी खिशात. तो आधी घातलात तर फिरवताना पंचाईत होते.

हे फॉर्म डाव्या उजव्या बाजूचे वेगळे मिळतात आणि दोन्हीकडे चालणारेही असतात. बार्बी बाहुली काढणाऱ्या रूथ हँडलर यांची १९७० मध्ये हीच शस्त्रक्रिया झाली, त्यांना मनासारखं काही मिळेना म्हणून त्यांनी स्वतःच बनवायला घेतलं, डाव्याचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं. आता ऐकताना वाटतं यात काय विशेष, बूट नाही का तसे असतात.

मापाचं एक सांगते, कारण यात मी फसले. छातीभोवती नेहमीसारखी टेप गुंडाळली की सपाट बाजूमुळे आकडा कमी येतो आणि कप लहान घेतला जातो. जी बाजू शाबूत आहे तिकडे छातीच्या मधल्या हाडापासून पाठीच्या कण्यापर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. खालच्या पट्ट्याचं माप नेहमीसारखंच.

काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर दोन गोष्टी बघाच. खांद्याचा पट्टा रुंद हवा, बारीक पट्ट्याची खाच पडते आणि त्या हाताला सुजेचा धोका असतो. फॉर्म फारच जड वाटत असेल तर हलक्या सिलिकॉनचेही येतात, हाताला सूज असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा. दुसरं, माझी काख आणि दंडाची आतली बाजू अजून बधिर आहे, त्यामुळे शिवण घासतेय हे मला कळतच नाही. संध्याकाळी ब्रा काढली की आरशात बघायचं, लाल रेघ दिसली की ती ब्रा बाद, मग कितीही आरामशीर वाटू दे.

कातडीला चिकटणारे फॉर्मही मिळतात. माझी रेडिएशनची कातडी फार नाजूक, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही, त्याबद्दल माझ्याकडून काही ऐकू नका.

सिलिकॉनची उस्तवार मात्र करावी लागते, साध्या साबणाने हाताने धुवायचं, डब्यात ठेवायचं, आसपास पिन किंवा ब्रोच लावायचा नाही. आणि साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं, तो खर्च धरून चाला.

मऊ ब्रा मी टाकलेली नाही. रात्री, घरी, अंगात ताप असताना, सुट्टीच्या दिवशी तीच. कधी कधी काहीच नाही, तेही चालतं. तुमचं काम बसून असेल, दुसरी बाजू लहान असेल, तर कदाचित मऊच पुरेल, आणि मग सिलिकॉनच्या भानगडीत पडू नका असंच मी म्हणेन. पण बाहेर पडायचं, हात हलवायचे, लोकांत वावरायचं, तर मला तरी दुसरीच बरी वाटते.

घेताना ट्रायल रूममध्ये नुसतं सरळ उभं राहून बघू नका, सरळ उभं राहिल्यावर सगळ्याच ब्रा छान दिसतात. हात जमेल तेवढे वर न्या, खाली आणा, मग वाका, मग परत आरशात बघा. ऑपरेशनची बाजू वरच राहिली असेल तर ब्रा काढा आणि परत द्या, दुकानातली बाई धुतल्यावर बसेल म्हणाली तरी.